स्पर्धा सोसायटीच्या फाटकाबाहेरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती इंटरनेटमध्ये आता चांगली स्पर्धा आहे असे म्हणतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत मात्र एकच वायर येते. मुलगी पुण्यातल्या कंपनीचे काम घरून करते. गेल्या महिन्यात महत्त्वाच्या मीटिंगमध्ये तिचा आवाज तीनदा तुटला. दुसरे कनेक्शन घ्यायला निघालो, तर सोसायटीचे उत्तर: एकाशी करार झालाय, दुसऱ्याला जिन्यातून वायर टाकू देता येणार नाही.

बिलावर 'फायबर' छापलेले आहे. प्रत्यक्षात फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची वायर, चौकातल्या पेटीपर्यंतच येते, पुढे साधी लॅन केबल. त्या पेटीची वीज गेली की घरात इन्व्हर्टर चालू असूनही नेट बंद. ग्राहकाला हे आधी कोण सांगतो?

वायर कोणती, यावर सगळे अवलंबून असते. २००५ च्या सुमारास टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड आले, तेव्हा त्याचे किती अप्रूप होते! पण या तारेवरच्या नेटचा, म्हणजे डीएसएलचा, वेग टेलिफोन एक्स्चेंजपासून लांब जाल तसा घटतो. जवळच्या घराला २४ एमबीपीएसपर्यंत मिळू शकतो, चार-पाच किलोमीटरवर त्याचा थोडासाच भाग उरतो. टीव्हीच्या केबलवरचे नेट त्याहून वेगवान, पण ते गल्लीत वाटले जाते आणि त्यात अपलोड कमी. घरून काम करणाऱ्याला तर अपलोडच लागतो. फायबरही साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. तरी एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या, सध्या सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत मूळ क्षमता डाउनलोडला सुमारे २.५ आणि अपलोडला १.२५ जीबीपीएस असल्याने चणचण भासत नाही. शिवाय पावसाचे पाणी शिरून तांब्याचे जोड गंजतात, काचेच्या धाग्याला गंज नाही.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली सोलापूरचे नाव आले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सामाईक डक्टची, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या वायरींसाठी जमिनीखालच्या एकाच नळीची, तरतूद आहे. रस्ता खोदला जातो तेव्हाच महापालिकेने अशी डक्ट टाकून घ्यावी, म्हणजे प्रत्येक कंपनी पुन्हा खोदणार नाही आणि विजेच्या खांबांवर वायरींचे जाळेही लोंबणार नाही. घरापर्यंत कोणती वायर येते आणि अपलोड किती, हे बिलावर छापणे सक्तीचे करावे.

येत्या वार्षिक सभेत दुसऱ्या कंपनीलाही जिना खुला करण्याचा ठराव मी मांडणार आहे. शहरातील ज्या सोसायट्यांनी हे आधीच केले आहे, त्यांनी आपला अनुभव याच सदरात कळवावा, ही विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर