पुण्यातल्या खोलीवरून

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रागावू नका, पण खोलीचं डिपॉझिट भरलंय आणि सामानही लावून झालंय. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी पुढच्या गाडीनं कोल्हापूर गाठलं असतं, म्हणून पत्र.

घराला कंटाळून आले असं मनातही आणू नका. तिथं कशाची कमी होती? बाबा पहाटे उठून माझ्यासाठी पाणी तापवायचे, आई मऊ भात वेगळा लावायची. पण तिथं मला वैतागता येत नव्हतं. रात्री पोटावरची मळाची बॅग सुटून गादी खराब झाली की माझ्याआधी आईचा चेहरा उतरायचा, मग मीच हसून म्हणायचे, "काय नाही गं, होतंय की." इथं मनसोक्त वैतागते. परवा ऑफिसला निघताना बॅगेची क्लिप नीट लागली नव्हती, कुर्ता गेला. बाथरूमचं दार लावून चार अस्सल कोल्हापुरी शिव्या हासडल्या, दुसरा कुर्ता घातला आणि निघाले. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

बाथरूम खोलीला लागूनच आहे, कमोडशेजारी हँड शॉवर आहे, पाणी दिवसभर असतं. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करते. जास्त भरली तर वजनानं सुटते. बदलायची असली की सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा आतडं शांत असतं. बॅगेच्या चिकट चकतीचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा, दोनेक मिलिमीटरच मोठं कापते, नाहीतर पातळ मळ कातडीला लागून आग आग होते. बाबा, तो स्टोमा लालभडक दिसतो म्हणून तुम्ही मान वळवायचात ना? त्याला वेदना कळतच नाहीत. दुखतं ते भोवतीचं कातडं, आणि त्यावर पावडर आहे. मोठं आतडं काढल्यामुळं अंगात पाणी-मीठ टिकत नाही, म्हणून ओआरएस टेबलावरच ठेवलंय.

आई, नवरात्रात तू अंबाबाईला एकटीच गेलीस. "गर्दी आहे गं," म्हणालीस. गर्दी होतीच. पण देवघरापाशीही तू जरा अडखळायचीस, ते दिसायचं मला. राग नाही गं, तुला शिकवलंच तसं. पण जे सगळ्यांच्या पोटात असतं तेच माझ्या पिशवीत येतं. दिवाळीत आले की आपण दोघी काकडआरतीला जाऊ. बॅग बदलून, न्हाऊन येईन. नाही म्हणायचं नाही.

बाबा, गंगावेशला दूध प्यायला जाता का अजून? माझ्या फेसाच्या मिशा तुम्ही सदऱ्याच्या बाहीनं पुसायचात आणि आई त्या बाहीवरून भांडायची. तुमच्या मिशा आता कोण पुसतं?

बीपीची गोळी जेवणाशी जोडू नका, वेळेशी जोडा. आईनं गुडघा दुखत असताना गच्चीवर वाळवण घालायला चढायचं नाही. माझी ती गादी आता टाकून द्या. धुऊन, उन्हात घालून जपत बसू नका. आणि फोनवर पहिला प्रश्न "बॅग कशी आहे?" नको. आधी मी जेवले का ते विचारा.

तुमची लाडकी,
छकुली

ता. क. भडंग पाठवू नका. शेंगदाणे माझ्या आतड्यात अडकू शकतात. पाठवायचंच असेल तर आईनं शेंगदाणे आणि खोबरं न घालता करावं. मग त्यात राहतं काय, असं बाबा म्हणतील. लसूण राहतो, तो जास्त घाला.