रेकॉर्डिंग बाहेर काढता आलं पाहिजे की ओ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फसलेल्या गॅजेट्सवरचा लेख वाचला, भारी होता, पण त्यात सोनीच्या पीएसएक्सची दोन ओळीत टिंगल करून सोडलीय ते काय पटलं नाही बघा.

मशीन फसलं हे खरंच. 13 डिसेंबर 2003 ला जपानात आलं, प्लेस्टेशन 2 हे गेमचं मशीन आणि डीव्हीडी रेकॉर्डर एकाच पांढऱ्या डब्यात, 160 जीबी हार्ड डिस्कवालं 79,800 येनला आणि 250 जीबीवालं 99,800 ला. नुसतं गेम खेळणाऱ्या पोरांना साधा प्लेस्टेशन 2 कितीतरी स्वस्तात मिळत होता आणि सिरियल रेकॉर्ड करणाऱ्या मोठ्यांना गेमचं काय पडलंय, मग घेणार कोण? त्यात लाँचच्या तोंडावर काही फीचर्सच काढून टाकली. कंट्रोलर लावायची जागा तर मागच्या बाजूला, काय म्हणायचं आता! जपानबाहेर कधी आलंच नाही आणि 2005 मध्ये बंद पडलं. पण त्याचा तो आडव्या-उभ्या आयकॉनचा मेनू पुढं पीएसपी (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम मशीन) आणि प्लेस्टेशन 3 मध्ये आला हे लेखात यायला पाहिजे होतं.

माझा मुद्दा खरा वेगळाच आहे. त्या डब्यात टीव्हीवरचा कार्यक्रम हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि डीव्हीडीवर उतरवायचा, डबा मेला तरी डीव्हीडी तुमची. आपल्याकडं काय चाललंय? भाच्याची शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच लोकल चॅनेलवर लागलेली, दाजींनी सेटटॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड केली, कॉर्नरवरनं हेडर मारून गोल केलेला पोरानं, अख्ख्या गल्लीनं येऊन बघितला. पुढं बॉक्स जळला, नवीन आला, तर तो ती फाईल ओळखंना, आणि कॉम्प्युटरला लावलं तर विचारतोय फॉरमॅट करू का! फोन केला तर म्हणे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सपुरतं असतंय.

पैसे भरून बघायच्या पिक्चरला लॉक लावा, समजू शकतो, पण तालमीच्या फुटबॉल टीमच्या मॅचला कशाला कुलूप ओ? जपानात पण डिजिटल टीव्हीवरच्या कार्यक्रमाची एकच कॉपी असा नियम होता, 2008 ला तो दहापर्यंत सैल केला. आपल्याला एक द्या की, निदान लोकल आणि फुकट चॅनेलपुरती तरी. पुरवणीवाल्यांनी एकदा बॉक्स कंपन्यांना हे विचारून छापावं.

आणि लेख वाचून कुणी हौसेनं पीएसएक्स मागवणार असंल तर जपानी मशीन 100 व्होल्टचं आहे, आपल्या 230 च्या प्लगात डायरेक्ट घालू नका, आधी ट्रान्सफॉर्मर बघा. त्यातला अ‍ॅनालॉग ट्यूनर (जुन्या पद्धतीचं टीव्ही प्रक्षेपण पकडणारा) इथं उपयोगाचा नाही, जपानात पण 2011-12 मध्ये तसलं प्रक्षेपणच बंद झालंय, त्यामुळं गेमपुरतंच घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर