समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांसाठी : क्षेत्रकार्याकडे गांभीर्याने पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक बहुधा ठरलेलेच प्रश्न विचारतात. कोणती संस्था चांगली, कोणते विशेषीकरण घ्यावे आणि पदवीनंतर नोकरी कुठे मिळेल, हे ते प्रश्न. हे प्रश्न रास्त आहेत. मात्र या शिक्षणाची प्रत ज्यावर ठरते तो प्रश्न फारसा कोणी विचारत नाही : क्षेत्रकार्य (संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करत शिकणे) कसे होते, तिथे पर्यवेक्षक कोण असतो आणि तो विद्यार्थ्याला किती वेळ देतो? अनेक वर्षे या विषयाचे अध्यापन आणि क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण केल्यानंतर नव्या विद्यार्थ्यांना जे सांगावेसे वाटते, ते मुख्यतः या एका प्रश्नाभोवतीच आहे.

समाजकार्याचे शिक्षण वर्गात जन्मले नाही. 1884 मध्ये लंडनमध्ये टॉयन्बी हॉल आणि 1889 मध्ये शिकागोत हल हाउस ही वस्तीतली सेवाकेंद्रे सुरू झाली, तेव्हा शिकलेली माणसे गरीब वस्तीत राहायला गेली आणि तिथल्या माणसांकडून शिकू लागली. पुढे 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मदतकार्य करणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचे उन्हाळी प्रशिक्षण भरले, 1899 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, 1908 मध्ये अ‍ॅलिस सॉलोमन यांनी बर्लिनमध्ये मुलींसाठी समाजकार्याचे विद्यालय काढले आणि 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने भारतातील पहिली पदव्युत्तर संस्था उभी राहिली. यामागे एकच अनुभव होता. केवळ सदिच्छेने केलेली मदत अनेकदा फसते, कधी अपायही करते; म्हणून कामाच्या अनुभवाला अभ्यासाची आणि अभ्यासाला कामाची जोड हवी. आजही अमेरिकेत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी किमान 900 तासांच्या क्षेत्रकार्याची अट आहे. हे तास उपस्थितीपत्रक भरण्यासाठी ठेवलेले नाहीत, हे मात्र अनेक विद्यार्थ्यांना पदवी हातात पडेपर्यंत उमगत नाही.

क्षेत्रकार्यात नेमके शिकायचे काय, हे सर्वांत स्पष्टपणे कळते ते प्रक्रिया-नोंदीतून, म्हणजे सेवार्थीशी (मदत घेणाऱ्या व्यक्तीशी) झालेल्या संभाषणाच्या तपशीलवार नोंदीतून. दुर्दैवाने विद्यार्थी याच कामाचा सर्वाधिक कंटाळा करतात. ‘सेवार्थीच्या घरी भेट दिली, समस्या समजून घेतली, समुपदेशन केले’ असे वाक्य मी नोंदवह्यांत असंख्य वेळा वाचले आहे आणि त्यातून कधीच काही कळलेले नाही. काय समजून घेतले? कोणत्या शब्दांत विचारले? समोरचा माणूस कोणत्या प्रश्नावर गप्प झाला, कुठे विषय बदलला? खरी नोंद या प्रश्नांची उत्तरे देते. तिच्यात सेवार्थी काय म्हणाला, आपण काय म्हणालो आणि त्या वेळी आपल्या मनात काय चालले होते, हे तिन्ही वेगवेगळे लिहिलेले असते. शाळा सोडलेल्या मुलाशी झालेल्या संभाषणाची अशी नोंद लिहून पाहा. बहुतेकांना दिसेल की आपण ओळीने चार-पाच वेळा ‘का’ विचारले : शाळेत का जात नाहीस, आईला का सांगितले नाहीस, अभ्यास का आवडत नाही. मुलगा प्रत्येक वेळी ‘माहीत नाही’ म्हणाला आणि शेवटी आपणच त्याला शिक्षणाचे महत्त्व सांगून परतलो. संभाषण चालू असताना ते जबाब घेतल्यासारखे होत आहे हे लक्षात येत नाही. कागदावर मात्र ते लपत नाही. ‘सकाळी उठल्यापासून तुझा दिवस कसा जातो’ असे विचारले असते, तर कदाचित धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्याच्यावर आहे हे पहिल्याच भेटीत कळले असते. म्हणून भेटीनंतर त्याच दिवशी नोंद लिहावी. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत आपण जे बोलायला हवे होते ते आपोआप शिरते आणि जे खरोखर बोललो ते निसटते.

नोंद चांगली दिसावी म्हणून ती सजवण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो आणि याला काही अंशी आम्ही अध्यापकही जबाबदार आहोत. चुकांची नोंद केली म्हणून गुण कापले जात असतील, तर कोणताही शहाणा विद्यार्थी चुका लिहिणार नाही. संस्थांनी नोंदीचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्याने काय साधले यापेक्षा त्याने स्वतःच्या वागण्याकडे किती बारकाईने पाहिले याला गुण द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांनीही एक पथ्य कसोशीने पाळावे : नोंदीत सेवार्थीचे खरे नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नये आणि ती नोंद मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर कधीच टाकू नये.

या नोंदीचा खरा उपयोग होतो पर्यवेक्षणाच्या बैठकीत, जिला विद्यार्थी ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कडुशिन यांनी पर्यवेक्षणाची तीन अंगे सांगितली : प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला पहिलेच अंग येते. वही तपासली, सही झाली, पुढच्या आठवड्याच्या तारखा ठरल्या, संपले. उरलेली दोन अंगे मिळवण्यासाठी विद्यार्थ्याला स्वतःहून पुढे व्हावे लागते. बैठकीला जाताना ‘या आठवड्यात सहा भेटी दिल्या’ असे सांगण्याच्या तयारीने न जाता, त्यांपैकी जिथे अडलो ती एक भेट आणि त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न घेऊन जावे. आपल्याला एखाद्या सेवार्थीचा राग येतो, एखाद्याच्या घरी जाण्याची भीती वाटते, एखाद्याविषयी अवाजवी ओढ वाटते, हे सांगण्याची जागा हीच आहे आणि ते सांगणे अपात्रतेचे लक्षण नव्हे. पर्यवेक्षक वेळच देत नसेल, तर आधी नम्रपणे आणि लेखी विनंती करावी. तरीही फरक पडला नाही, तर क्षेत्रकार्य समन्वयकाकडे जावे. ही तक्रारखोरी नाही. पर्यवेक्षणाशिवाय शिकाऊ माणसाला अडचणीतल्या कुटुंबाकडे पाठवणे हा त्या कुटुंबावरही अन्याय आहे.

वर्गातल्या सिद्धान्तांचा प्रत्यक्षात उपयोग काय, असे विद्यार्थी हमखास विचारतात. समाजकार्याचे अध्यापक फेलिक्स बीस्टेक यांनी 1957 मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्य कार्याची (एकेका व्यक्तीसोबत किंवा कुटुंबासोबत करायच्या कामाची) सात तत्त्वे परीक्षेसाठी सगळ्यांनाच पाठ असतात. त्यांपैकी स्वनिर्णयाचे तत्त्व, म्हणजे सेवार्थीच्या आयुष्याचा निर्णय त्यानेच घ्यावा हे, लिहायला सोपे आहे. पण उपचार नाकारणारा प्रौढ रुग्ण किंवा मारहाण होत असलेल्या घरी परत जायचे ठरवलेली स्त्री समोर बसते, तेव्हा तेच तत्त्व आपल्याला अस्वस्थ करते. अशा वेळी ‘तिचा निर्णय’ म्हणून हात झटकणे सोपे असते आणि तिला दटावून थांबवण्याचा प्रयत्न करणेही सोपे असते. कठीण काम या दोन्हींच्या मधले आहे. परत जाण्यामागची तिची कारणे ऐकायची, धोका किती आहे याचा तिच्यासोबत स्पष्ट शब्दांत अंदाज घ्यायचा, पुन्हा प्रसंग आलाच तर ती कुठे जाईल, कोणाला कळवेल, मुलांचे काय होईल हे तिच्याबरोबर ठरवायचे आणि ती परत आली तर तिला ‘मी सांगितले होते’ असे कोणी म्हणणार नाही याची तिला खात्री द्यायची.

गोपनीयतेच्या बाबतीत तर विद्यार्थी नेहमी जास्तीचे वचन देऊन बसतात. ‘तुम्ही सांगाल ते मी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्यांना नसतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये तारासॉफ खटल्यात निकाल दिला की, उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर त्या दुसऱ्या व्यक्तीचे रक्षण करण्यासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. प्रत्येक ठिकाणचा कायदा सारखा नाही, पण गोपनीयतेला मर्यादा सर्वत्र आहेत, विशेषतः मुलांवरील अत्याचार आणि जिवाला असलेला धोका या बाबतींत. पहिल्या भेटीपूर्वीच संस्थेकडून या मर्यादा समजून घ्याव्यात आणि सेवार्थीला त्या सुरुवातीलाच, त्याला कळेल अशा भाषेत सांगाव्यात. विश्वासाने सांगितलेली गोष्ट नंतर अचानक इतरांपर्यंत पोहोचली, तर त्या माणसाचा केवळ आपल्यावरचा नव्हे, तर मदत मागण्यावरचाच विश्वास उडतो.

पैशाविषयी थोडे परखडपणे लिहितो. क्षेत्रकार्याला गेलेला विद्यार्थी कोणाची तरी नड पाहतो, त्याचे मन हेलावते आणि तो खिशातून पैसे काढून देतो. त्यामागची भावना मी कमी लेखत नाही. परंतु त्या क्षणापासून नाते बदलते. सेवार्थी उपकाराच्या ओझ्याखाली येतो, तुमच्याशी असहमत होणे त्याला अवघड जाते आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही तीच अपेक्षा धरली जाते. शिवाय नड भागल्यासारखी वाटते आणि त्या कुटुंबाला हक्काने मिळू शकणारे अर्थसाहाय्य कोणते, ते का मिळाले नाही, कोणता कागद अडला आहे, हा शोध तिथेच थांबतो. संबंधित कार्यालयात सेवार्थीसोबत जाणे, अर्ज भरताना त्याला स्वतः बोलू देणे, अर्ज नाकारला तर कारण लेखी मागायला शिकवणे, हे काम दिसायला किरकोळ असले, तरी पुढच्या वेळी तो माणूस एकटा जाऊ शकतो. स्वतःचा खासगी फोन क्रमांक देण्याबाबतही हाच विचार करावा. रात्री-अपरात्री उपलब्ध राहण्याचे आश्वासन शिकाऊ माणूस पाळू शकत नाही आणि न पाळलेले आश्वासन अडचणीतल्या माणसाला फार महागात पडते.

काही विद्यार्थ्यांना व्यक्तिसहाय्य कार्य म्हणजे जखमेवरची मलमपट्टी वाटते, तर काहींना समुदाय संघटन (वस्तीतल्या लोकांना एकत्र आणण्याचे काम) म्हणजे घोषणाबाजी वाटते. हा वाद या व्यवसायाइतकाच जुना आहे. 1915 मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्स्नर यांनी समाजकार्य हा स्वतंत्र व्यवसाय नाही, समाजकार्यकर्ता हा इतर व्यावसायिकांमधला दुवा आहे, असे प्रतिपादन केले. 1917 मध्ये अमेरिकी समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी एखाद्या कुटुंबाची माहिती कशी मिळवावी आणि पुरावा कसा तोलावा याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. 1929 मध्ये समाजकार्याचे अध्यापक पोर्टर ली यांनी समाजकार्य ही चळवळ आहे की नित्याचे सेवाकार्य, हा प्रश्न उभा केला. 2014 मध्ये स्वीकारलेल्या समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत सामाजिक बदल आणि माणसांचे सक्षमीकरण दोन्ही आहेत. माझा सल्ला एवढाच की पहिल्या सत्रातच एका बाजूला नाव नोंदवू नये. दहा कुटुंबांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्या सर्वांत एकच अडचण दिसली, तर ती त्या कुटुंबांची वैयक्तिक समस्या राहिलेली नसते. आणि वस्तीची सभा यशस्वी झाली, तरी त्या सभेला कोण येऊ शकले नाही हे घरोघरी गेल्याशिवाय कळत नाही. विशेषीकरणाचा निर्णयही शक्य तितका उशिरा घ्यावा.

प्रबंधाबद्दल थोडक्यात. विषय लहान घ्यावा, आकडेवारीची भीती पहिल्या वर्षीच घालवावी आणि ज्यांच्याकडून माहिती घेणार त्यांना ‘नाही’ म्हणण्याची खरी मोकळीक आहे ना, हे तपासावे. ज्या संस्थेतून मदत मिळते, तिथेच बसून संमती मागितली तर नकार देणे कठीण असते.

या कामाचा थकवा खरा आहे आणि त्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या या थकव्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : भावनिक दमणूक, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. यांपैकी दुसऱ्या लक्षणावर विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष ठेवावे. माणसांचा उल्लेख ‘ती दारूवाली केस’ असा होऊ लागला की थांबून पर्यवेक्षकाशी बोलायची वेळ झाली असे समजावे. छंद, व्यायाम, विश्रांती हे सगळे हवेच; पण एकाच विद्यार्थ्यावर न झेपणारी कुटुंबे सोपवायची आणि मग त्याला ‘स्वतःची काळजी घे’ म्हणायचे, हे संस्थांनी बंद केले पाहिजे.

शेवटचा मुद्दा क्षेत्रकार्य संपवण्याचा, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. परीक्षा जवळ येते, विद्यार्थी एक दिवस येणे बंद करतो आणि ज्या मुलाने, ज्या आजींनी, ज्या गटाने त्याच्यावर भरवसा टाकला, त्यांना तो का आला नाही हेही कळत नाही. यांपैकी अनेकांना माणसे न सांगता निघून गेल्याचा अनुभव आधीच आलेला असतो. म्हणून आपण किती काळासाठी आलो आहोत हे पहिल्याच भेटीत सांगावे, निदान महिनाभर आधी त्याची पुन्हा आठवण द्यावी आणि शेवटच्या भेटींत काय झाले, काय राहिले याचा आढावा सेवार्थीसोबतच घ्यावा. अर्धवट राहिलेले अर्ज, दिलेली आश्वासने, पुढच्या तपासणीची किंवा सुनावणीची तारीख आणि यापुढे संपर्क कोणाशी करायचा, हे सगळे एका हस्तांतरण-टिपणात लिहून संस्थेकडे द्यावे, त्यातली सेवार्थीच्या उपयोगाची माहिती त्यालाही लिहून द्यावी आणि नवा कार्यकर्ता नेमला गेला असेल तर त्याला सोबत घेऊन एकदा तरी त्या घरी जावे.

आपला,
समाजकार्याचा एक निवृत्त अध्यापक