ताई, थ्री फेज आली आणि तुम्ही फोन ठेवला नाहीत

ताई,

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. निफाडकडच्या चार लोकांना तेवढ्यावरूनही कळेल, त्याला माझा इलाज नाही.

संशोधन शिकायला जागा मिळावी म्हणून काल रात्री चौथा आणि शेवटचा अर्ज पाठवला. मग तुम्हाला मेसेज लिहायला घेतला, तर तो तीन ओळींत बसेना. हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळं व्हावं एवढं लहान काम तुम्ही केलेलं नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर.

डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही करायचं हे खूळ माझ्या डोक्यात २०२२ मध्ये शिरलं. बेंगळुरूच्या आयआयएससीला, म्हणजे तिथल्या विज्ञान संस्थेला, ४२५ कोटींची देणगी मिळाली, तिथे ८३२ खाटांचं रुग्णालय आणि एमडी-पीएचडी एकत्र देणारं कॉलेज होणार, ही बातमी आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर फिरली. बाकीच्यांनी अंगठा टाकला आणि विसरले. मी अडकले. पुढे इंटर्नशिपमध्ये सुरगाण्याकडे पोस्टिंग आलं. तिथे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार असलेले, दोन सख्खे भाऊ यायचे. रिपोर्ट दोघांचा सारखाच, एसएस, म्हणजे सदोष जनुक आईबाप दोघांकडून आलेलं. थंडी पडली की धाकटा हाडं दुखून कळवळायचा आणि मोठा बाहेर पटांगणात गोट्या खेळायचा. "मॅडम, दोघं माझ्याच पोटचे, मग यालाच का?" असं त्यांच्या आईने एकदा विचारलं. फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन, कुणाच्या रक्तात जास्त टिकतं, कुणाच्या कमी, एवढं पुस्तकातलं मला येत होतं. तेवढ्याने तिचं उत्तर अर्धंच झालं असतं, आणि उरलेलं अर्धं मलाही हवं होतं.

तर हे शिकायला कुठे अर्ज करायचा, ते विचारायला बाबांना घेऊन मी कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेले. नाव घेत नाही. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर विमानाचं पोस्टर. चाळीस हजार भरले, द्राक्षाचे पैसे. समोरचा गृहस्थ पूर्ण वेळ इंग्रजीत बोलला, तेही फक्त माझ्याकडे बघून. बाबा टोपी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, वर्षं किती लागतील?" त्यावर "अंकल, इट डिपेन्ड्स". पंधरा मिनिटांनी त्याने घड्याळ पाहिलं आणि बावीस नावांची यादी आमच्या हातात ठेवली. एकवीस अमेरिकेतली, एक केंब्रिजचं.

कॉलेजातल्या एका सरांनी रेडिओलॉजी घे आणि सुखात राहा असा आशीर्वाद दिला. तीन सीनियरना मेसेज केले, तिघांच्या निळ्या टिका आल्या, उत्तर एकाचंही नाही.

तुमचा नंबर मिळाला आईच्या भिशीतून. (भिशीला मी आता नावं ठेवत नाही.)

ऑक्टोबरातला मंगळवार होता. आमचे रात्रीचे साडेनऊ, तुमच्याकडे परदेशात दुपारचे बारा. मी प्रश्न लिहून तयार बसलेले, आणि तुम्ही आधी बाबांना बोलावलंत. "भाऊ, छाटणी उरकली का? पेस्टिंग झालं?" बाबा एकदम सरसावून बसले. दोन मिनिटं द्राक्षावरचा डाऊनी रोग, पाऊस आणि मजुरांचा भाव यावर बोलणं झालं. मग तुम्ही मला यादी कॅमेऱ्यासमोर धरायला लावलीत, वरपासून खालपर्यंत वाचलीत आणि म्हणालात, "अगं, तू एमबीबीएस झालीस ना? मग हे तुला कशाला?"

ताई, इतकं साधं होतं ते. अमेरिकेतलं एमडी म्हणजे डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएसच्या जागची. तिथला एमडी-पीएचडी साधी पदवी घेऊन आलेल्या पोरांसाठी आहे. डॉक्टर होता होता मधली काही वर्षं प्रयोगशाळेत, सगळं मिळून आठेक वर्षं. आपल्याकडे एमडी येतं एमबीबीएसच्या पुढे. अक्षरं तीच, पायरी वेगळी. त्यात तिथल्या एनआयएचचा, म्हणजे सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, १९६४ पासून चालत आलेला निधी, ज्यातून फी आणि वर विद्यावेतन मिळतं, तो तिथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच. काही विद्यापीठं स्वतःच्या पैशातून बाहेरचा एखाद-दुसरा घेतात, तेवढंच. एकवीस नावं अशी गेली. बाविसावा केंब्रिजचा एमबी-पीएचडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची पदवी आणि पीएचडी जोडून, तो तिथेच मेडिकल शिकत असलेल्यांसाठी. त्या गृहस्थाला हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्याने चाळीस हजार घेतले, यातलं जास्त वाईट काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बाबांनी घसा खाकरून तोच प्रश्न विचारला. "ताई, वर्षं किती लागतील?"

आणि लाईट आली. त्या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे शेतातली मोटर चालते ती वीज, रात्रीची होती, आणि लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो जळालेला. बाबा अवघडून अर्धवट उठले. एकदा माझ्याकडे बघतात, एकदा दाराकडे. झालं, संपला फोन, असं मी मनात म्हटलं. तुम्ही म्हणालात, "जाऊन या भाऊ, पाणी आधी. मी आहे इथेच. तुम्ही आल्याशिवाय पुढचं सांगत नाही."

पस्तीस मिनिटं, ताई. मोबाइलवर आकडा दिसत होता म्हणून माहीत. तुम्ही डबा उघडलात, पोळी आणि कसलीशी पालेभाजी. मागे कुणीतरी दार उघडून काही विचारलं, त्याला तुम्ही हातानेच नंतर ये म्हणालात. मी दोनदा म्हटलं, मला सांगा, मी बाबांना समजावते. "पैसे त्यांचे, पोरगी त्यांची. त्यांच्या कानावर पडू दे," असं म्हणून तुम्ही मला सुरगाण्याच्या त्या दोन भावांबद्दल विचारत राहिलात.

बाबा आले ते चिखलाच्या पायांनी. "बोला" म्हणून फरशीवरच बसले. तुम्ही त्यांच्या प्रश्नापासूनच सुरू केलंत. एमडीची तीन, पीएचडीची चार-पाच. जोडून मिळाली तर थोडी वाचतील, पण आपल्याकडे जोडून देणाऱ्या जागा मोजक्या, न मिळाल्या तर पोरीने एकामागे एक करून स्वतः जोडायच्या. यात लग्न कुठे बसतं आणि कर्ज कुठे, तेही सांगितलंत. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे एप्रिल छाटणीसारखं. तिला फळ धरत नाही." तुम्ही हसलात. "हो भाऊ, पण एप्रिलची काडी बिघडली तर ऑक्टोबरात घड कुठून येणार?" त्या रात्री बाबा पहिल्यांदा मोकळं हसले.

माझा नंबर नंतर लागला, आणि चांगला लागला. "सिकलसेलवर काम करायचं म्हणतेस आणि यादीत पहिलं नाव बोस्टनचं? परळला कधी गेलीस का?" तिथल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात तेराव्या मजल्यावर एनआयआयएच आहे, रक्ताच्या आजारांवरची आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था. मी केईएमला दोनदा जाऊन आले होते, मान वर केली नव्हती. बेंगळुरूच्या एनसीबीएसला, तिथल्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेला, एमबीबीएसवरून थेट पीएचडीचा अर्ज करता येतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. रँकिंग बघू नको म्हणालात. गाइड अजून पेशंट बघतो का, पैसे कोण देतं, आणि त्याचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचार. तेही ऑफिसला नाही, विद्यार्थ्यांना. मी अकरा जणांना लिहिलं. सातांची उत्तरं आली. एकीने फक्त "येऊ नकोस" एवढंच लिहिलं, ते नाव मी त्याच रात्री खोडलं.

आपल्याकडे ज्याला चार गोष्टी माहीत असतात तो त्या विहिरीवर झाकण घालून बसतो, आणि वर म्हणतो आजकालच्या पोरांना मेहनत नको. मला याची इतकी सवय झाली होती की तुम्ही फी कधी सांगताय याची मी वाट बघत होते. तुमच्यासारखी दुसरी माणसं आठवायला बसले तर सुरगाण्याची आशाताई, म्हणजे तिथली आशा कार्यकर्ती, आठवली. त्या धाकट्याला पाठीवर घेऊन ती पावसात दवाखान्यापर्यंत आली होती, नि कुणी पाहिलं का बघायलाही थांबली नाही. तिचेही आभार मानायचे राहिलेत.

अर्जांचं काय होईल ते कळेल तेव्हा कळेल. चारपैकी तीन इथलेच आहेत. बाबा गावात "परळ आणि बेंगलोर" एवढंच सांगतात, पण मोठ्याने सांगतात. फेब्रुवारीत माहेरी आलात तर द्राक्षाची पेटी न नेता जाऊ देणार नाही असा त्यांचा निरोप आहे.

आणि हो, त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी ते दिंडोरीला जाऊन मोटरचा नवा ऑटो घेऊन आले. महिनाभर मी मागे लागले होते तेव्हा जमलं नव्हतं. विचारलं तर म्हणतात, "ताईंचा परत फोन आला आणि नेमकी लाईट आली तर?"