रात्रीच्या चित्राखाली चित्रकाराचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत झोपेविषयीच्या लेखासोबत निळ्या रंगातले एक देखणे चित्र होते. पंख असलेली स्त्री, तिच्या कुशीत मूल. खाली एवढेच छापले होते : ‘संग्रहित छायाचित्र’. ते छायाचित्र नव्हे. एडवर्ड रॉबर्ट ह्यूज या इंग्रज चित्रकाराने १९१२ साली जलरंगात, सोनेरी रंगाची जोड देऊन ते रंगवले. जलरंगातले असूनही ते सव्वा मीटरहून अधिक रुंद आहे. ‘नाइट विथ हर ट्रेन ऑफ स्टार्स’ हे त्याचे नाव, आणि ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे.

नावाइतकीच खटकली ती काटछाट. चित्रातली स्त्री म्हणजे रात्र, आणि तिच्या मागून येणारी पंखवाली पोरे म्हणजे तारका. त्यांचा किलबिलाट चालला आहे, म्हणून तिने ओठांवर बोट ठेवले आहे. पुरवणीत जागेसाठी नेमकी ती पोरेच कापली गेली. मग ती गप्प कुणाला करते आहे, हे वाचकाला कळणार कसे?

तिच्यापाशी अफूची फुले आहेत. ग्रीक पुराणकथांत निद्रा आणि मृत्यू हे दोघेही रात्रीचेच मुलगे. चित्राचे शीर्षक विल्यम अर्नेस्ट हेन्ली यांच्या कवितेतून घेतले आहे. त्या कवितेत रात्र झोपेचे दान घेऊन येते, आणि कवी आपल्यालाही असाच शांत अंत मागतो. म्हणजे तिथली झोप मरणाची आहे. ते मूल निजले आहे की गेले आहे, हे चित्रकाराने उघड केलेले नाही. मला तर या चित्राची सारी ताकद त्यातच दिसते. ‘रोज सात तास झोपा’ या चौकटीशेजारी ते लावताना याचा थोडा तरी विचार व्हायला हवा होता.

ह्यूज यांच्याबाबत नाव गाळणे अधिकच मनाला लागते. त्यांचे ज्येष्ठ सहकारी होल्मन हंट यांची दृष्टी अधू झाल्यावर ह्यूज यांनी त्यांना चित्रे पुरी करायला हात दिला. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ या चित्रावरही ह्यूज यांचे काम आहे, पण लोक ते हंट यांचे म्हणूनच ओळखतात. हे रात्रीचे चित्र मात्र सर्वस्वी ह्यूज यांचे, आणि इथेही त्यांचे नाव गाळायचे?

ह्यूज १९१४ मध्ये वारले. स्वामित्वहक्क केव्हाच संपला, त्यामुळे चित्र छापायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मान्य. पण चित्रकार, साल आणि संग्रहालय एवढे द्यायला एक ओळ पुरते. लेखाखाली लेखकाचे नाव आपण कधी विसरत नाही.

माझी विनंती अशी की, येत्या रविवारी हे चित्र न कापता, नावासह पुन्हा छापावे. आकार लहान झाला तरी चालेल.

– एक वाचक, सातारा