एक रेणू टिपणे आणि आजार ओळखणे

जैविक नॅनोछिद्रांतून, म्हणजे प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून, एकेक प्रथिन टिपण्याच्या तंत्रावरील रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र रक्ताच्या एका थेंबावरून लवकरच सगळे आजार कळतील, हा त्यातील सूर घाईचा वाटतो.

तंत्र अस्सल आहे. टायफॉइडच्या जिवाणूत आढळणारे ‘क्लायए’ हे विषारी प्रथिन पटलात नळीसारखे बसते. वरचे तोंड साधारण साडेपाच नॅनोमीटर, खालचे ३.३. योग्य आकाराचे प्रथिन घडी न मोडता आत शिरते, खालच्या तोंडाशी अडकते आणि छिद्रातून वाहणारा आयनांचा (विद्युतभारित कणांचा) प्रवाह घटतो. त्या घटीवरून त्याची ओळख पटते. २०१२ मध्ये संशोधकांनी वरच्या तोंडाशी डीएनएचे छोटे धागे जोडून नेमके थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे प्रथिन आत घेतले. खरी कळ या निवडीत आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही!

रक्तात गर्दी केवढी असते, पाहा. लिटरमागे अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे ४० ग्रॅम, तर हृदयविकाराचा इशारा देणारे ट्रोपोनिन निरोगी माणसात जेमतेम काही नॅनोग्रॅम. छिद्राची नजर कितीही तीक्ष्ण असली, तरी हवा तो रेणू त्या गर्दीतून तिथवर पोचायला हवा. शिवाय आरटीपीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती वाढवता येतात, तशी सोय प्रथिनांसाठी नाही. थेंबभर रक्ताच्या अशाच दाव्यांवर उभ्या राहिलेल्या थेरानोस या अमेरिकी कंपनीची संस्थापिका २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरली.

यापुढे अशा लेखांत प्रयोग रक्तावर झाला की स्वच्छ क्षारद्रावणात, एवढे तरी जरूर छापावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा