गंजातलं चामडं दाखवणाऱ्या ताईंना

सविनय नमस्कार, ताई.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते. शस्त्राच्या मुठीवर चामडं कधीपासून चढलं, असं मी विचारलं आणि तुम्ही सनावळी सांगायच्या आधी माझ्या हातात भिंग दिलंत.

लोखंडी तलवारीचा मुठीत शिरणारा निमुळता भाग होता तो. वर तांबूस गंजाचं कवच, त्यावर एकमेकींना खेटून गेलेल्या आडव्या रेघा, आणि एका कोपऱ्यात केसांच्या मुळांची बारीक छिद्रं. लोखंड गंजताना त्याचे क्षार शेजारच्या कातड्याच्या तंतूंत मुरतात. कातडं कुजून जातं, तंतूंचा साचा गंजात उरतो, हे तुम्ही किती सहज सांगितलंत! कांशाच्या हत्यारांवर तांब्याचे क्षार हेच काम वेगळ्या रीतीने करतात. ते जिवाणूंना विषारी असल्यामुळे चामड्याचा एखादा तुकडा खराखुरा टिकून राहतो. एरवी चामडं सापडायचं तर बर्फ हवा, वाळवंट हवं, नाहीतर हवा न पोचणारा चिखल. म्हणूनच जुन्या मुठींचा इतिहास असा तुटक आहे. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या हौशी संग्राहकांनी आम्लात बुडवून, घासूनपुसून कितीतरी पाती लख्ख केली. पुरावाच धुऊन टाकला की हो! आता चकचकीत प्राचीन तलवार दिसली की मला कौतुकाऐवजी चीड येते. हा तुमचाच वाण लागलाय.

बांधणी वेगळी आणि वेष्टन वेगळं, ही तुमची शिकवणही फार कामाची. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या ओट्झीची, म्हणजे तिथे गोठून टिकलेल्या प्राचीन माणसाची, कुऱ्हाड इसवी सनापूर्वी सुमारे ३३०० वर्षांची. यू नावाच्या झाडाच्या लाकडाचा दांडा, तांब्याचं पातं, चिकटवायला बर्च झाडाचं डांबर आणि वरून चामड्याच्या वाद्या. पण त्या वाद्या पातं दांड्याला जखडण्यासाठी आहेत, हाताच्या पकडीसाठी नव्हेत. तिला ‘चामडी मुठीचं पहिलं हत्यार’ म्हणणाऱ्याला तुम्ही नुसतं भुवई उंचावून गप्प केलं असतंत.

मग तुम्ही मला कामाला बसवलंत, त्याबद्दल तर विशेष आभार. मध्ययुगीन युरोपातल्या मुठीची ही रीत: लाकडाच्या दोन फाका, त्यावर पातळ कातडं. कडा रापीने इतक्या तासायच्या की सांधा बोटाला लागू नये. कातडं भिजवून, सरस लावून ताणून बसवायचं आणि ओलं असतानाच वरून दोरी करकचून गुंडाळायची. वाळल्यावर दोरी सोडली की उंचवटे तसेच राहतात. भिंगाखालच्या त्या आडव्या रेघांचा अर्थ तेव्हा माझ्या तळव्याला कळला. घामेजल्या हातात गुळगुळीत लाकूड फिरतं, हे कातडं फिरत नाही. शिवाय लाकूड तडकलं तरी फाका जागच्या जागी धरलेल्या राहतात.

चामडं हाच एकमेव उपाय नव्हता, हेही तुम्ही लगेच जोडलंत, नाहीतर मी चामड्याचा भक्तच झालो असतो. चीनमध्ये १९६५ साली हुबेई प्रांतात मिळालेल्या यूए राज्याच्या गौज्येन राजाच्या तलवारीची मूठ रेशमाने गुंडाळलेली होती. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन भांडारात इ.स. ७५६ मध्ये अर्पण केलेल्या वस्तूंत एक तलवार आहे, तिच्या मुठीवर माशाचं खरबरीत कातडं. पुढे तिकडे पाकट माशाच्या कातड्यावर रेशमी किंवा चामडी फीत विणायची पद्धत रुळली. खालचे टणक दाणे फितीला घसरू देत नाहीत. मला स्वतःला यापेक्षा हुशार मूठ माहीत नाही. तुमचं मत युरोपच्या बाजूने आहे, ठाऊक आहे.

या पत्रासोबत मी गुंडाळलेल्या मुठीचा नमुना पाठवतोय. कातडं शेळीचं, सांधा तळव्याच्या बाजूला. वरच्या टोकाशी दोरीचे वेढे जरा सैल पडलेत असं वाटतं. सरस घट्ट झाला होता की माझा हात ढिला पडला, तेवढं बघून कळवा.

तुमचा ऋणी,
एक विद्यार्थी